ऑइल गळतंय म्हणून आलेली जुनी बाईक आणि कार्ब्युरेटरच्या नळीत पिळलेला स्क्रू

मावसभावाकडे काकांची जुनी मोटरसायकल आहे. सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड, चार स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. काकांनी चालवणं बंद केल्यावर गाडी बराच काळ नुसती उभी होती, मग भावाने हौसेने बाहेर काढली, बॅटरी बदलली, प्लग बदलला, चालू झाली. पण जिथे लावेल तिथे खाली डाग. सुरुवातीला एक, मग दोन-तीन ठिकाणी. दाखवायला नेली तर उत्तर मिळालं की इंजिन उतरवायला लागेल, पूर्ण गॅस्केट किट (जोडांमध्ये बसणारे पातळ थर), सगळे ऑइल सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि उघडलंच आहे तर पिस्टनच्या रिंगापण टाकून घेऊ. त्याच्या आधी कोणीतरी क्लच कव्हरच्या कडेने राखाडी सिलिकॉन भरभरून थापून ठेवलं होतं, तरी गळती चालूच. भाऊ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, इंजिन खोलू का नको, एवढंच सांग."

मी म्हटलं हो किंवा नाही आत्ता सांगता येणार नाही, आधी काय गळतंय ते तरी बघू दे. कारण "ऑइल गळतंय" हे वाक्य आपण सगळेच फार पटकन बोलतो, खाली काहीही ओलं दिसलं की ते ऑइलच असं धरून चालतो, आणि तिथूनच पुढचा सगळा खर्च चुकीच्या दिशेने सुरू होतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच आहे.

आधी खाली पुठ्ठा

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, खाली पांढऱ्या बाजूचा मोठा पुठ्ठा सरकवला आणि पुढच्या चाकाची, इंजिनची, मागच्या चाकाची जागा पेनाने खुणा करून ठेवली. रात्रभर तशीच. साधी गोष्ट आहे पण यातून जेवढं कळतं तेवढं गाडीखाली टॉर्च घेऊन झोपून कळत नाही, कारण थेंब कुठे पडला, केवढा पडला आणि कसला पडला हे तिन्ही कागदावर राहतं.

गाडीत पातळ पदार्थ बरेच असतात. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं पिवळट, वापरून काळपट, बोटाला बुळबुळीत लागतं. पुढच्या शॉकअपचं ऑइल पातळ असतं, जुनं झालं की राखाडी, आणि त्याला एक घाण वास येतो. ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर तेल नाहीच, डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलवाले द्रव आहेत, पाण्यात सहज मिसळतात आणि रंगाला लागले तर रंग फुगवून उचलतात. शंका असेल तर पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघा, तेल वर तरंगेल आणि ब्रेक ऑइल विरघळून जाईल. पेट्रोल उडून जातं, मागे फक्त पिवळट कडा असलेला फिकट डाग आणि वास राहतो. जुन्या साध्या बॅटरीचं ॲसिड ओव्हरफ्लोच्या नळीतून उतरून चेसिसवर पांढरट थर करतं. आणि चेनला मारलेला स्प्रे किंवा ऑइल उडून पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली साठतं आणि तिथून टपकतं, ते तर हमखास "इंजिनचा सील गेला" म्हणून खपतं.

सकाळी पुठ्ठ्यावर काय होतं, तर इंजिनच्या डाव्या बाजूला गिअर लिव्हरच्या खाली काळ्या ऑइलचे थेंब, त्याच्या बरंच मागे एअर फिल्टरच्या डब्याखाली अजून एक पसरट डाग, तोही तेलकट पण रंगाने फिकट, आणि पुढच्या चाकाशेजारी उजव्या बाजूला एक छोटा थेंब. म्हणजे तीन वेगळ्या जागा. फिल्टरच्या डब्याखालचा डाग मला खटकला. त्याच्या भोवती एक फिकट कडं पसरलं होतं, शुद्ध ऑइल एवढं पसरत नाही, त्यात काहीतरी पातळ मिसळलं असल्याशिवाय असं होत नाही.

डिपस्टिकने सगळं सांगितलं

मग गळतीला हात लावायच्या आधी ऑइलची लेव्हल बघितली. गाडी सरळ उभी, इंजिन थंड, आणि डिपस्टिक (ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची का पूर्ण पिळून, हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते आधी वाचा कारण दोन्हीत फरक पडतो. लेव्हल वरच्या खुणेच्याही बरीच वर होती. ज्या गाडीतून रोज ऑइल गळतंय तिची लेव्हल कमी व्हायला पाहिजे ना? भावाला विचारलं की तू वरून ऑइल टाकलंस का, तर म्हणाला अजिबात नाही, उलट कमी झालं असेल म्हणून टाकणारच होतो.

डिपस्टिक नाकाजवळ नेली आणि पेट्रोलचा भपकारा आला. ऑइल बोटावर घेतलं तर पाण्यासारखं धावत होतं, चिकटपणा नावालाही नाही. टिश्यू पेपरवर एक थेंब टाकला, मधे काळा ठिपका आणि भोवती फिकट रुंद कडं, पुठ्ठ्यावर दिसलं तसंच.

म्हणजे बाहेर येत होतं ते इंजिन ऑइल, पण त्याला बाहेर ढकलत होतं पेट्रोल. याचा संबंध लोक सहसा लावत नाहीत म्हणून जरा नीट सांगतो. पेट्रोल मिसळलं की ऑइल पातळ होतं, आणि जो जुना सील जाड ऑइलला कसाबसा अडवत होता त्याच्या कडेने पातळ ऑइल आरामात निसटतं. दुसरं, लेव्हल वाढते, एरवी जो सील ऑइलच्या वर असतो तो आता अख्खा बुडलेला राहतो, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी तिथून झिरपायला लागतं. आणि तिसरं म्हणजे लेव्हल वाढली की फिरणारी क्रँक ऑइल नको तितकं घुसळते, त्याचे तुषार ब्रीदरच्या (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातात, डब्याच्या तळाला पाणी-तेल निघायला जी नळी असते तिच्यातून ते खाली टपकतं. डब्याखालचा डाग तो. त्या डागाचा गॅस्केटशी काडीचाही संबंध नव्हता, इंजिन पूर्ण खोलून नवं किट टाकलं असतं तरी तो डाग तसाच राहिला असता.

इथे गाडी चालवणं ताबडतोब बंद केलं. पेट्रोल मिसळलेलं ऑइल म्हणजे बेअरिंग, कॅम, पिस्टन यांच्यामधला ऑइलचा पडदाच गेला, असं इंजिन पळवत राहिलं तर गळतीचा प्रश्न किरकोळ वाटेल असं नुकसान होतं. शिवाय सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असेल तर किक मधेच दगडासारखी अडते, कारण पातळ पदार्थ दाबला जात नाही. अशा वेळी जोर लावून किक मारायची नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढायचा, इग्निशन बंद ठेवायचं, हळूच किक फिरवून आतलं बाहेर येऊ द्यायचं, आणि हे करताना आसपास ठिणगी, विडी-सिगरेट, पेटती कुठलीही गोष्ट नको, गाडी उघड्यावर.

पेट्रोल आत जातंय कुठून

टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वर असतं, उताराने खाली येतं. त्याला अडवायला दोन दारं आहेत, एक पेट्रोल कॉक आणि दुसरं कार्ब्युरेटरमधली फ्लोट नीडल. बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी, भरला की फ्लोट (आतला तरंगणारा भाग) वर उचलला जातो आणि नीडल सीटवर दाबून बसते. नीडल नीट बसली नाही तर बाऊल भरत राहतो, पण त्यासाठीही कार्ब्युरेटर बनवणाऱ्यांनी सोय केलेली असते, बऱ्याच कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये एक उभी नळी असते, पेट्रोल ठराविक उंचीच्या वर गेलं की त्या नळीतून बाहेरच्या रबरी पाइपमध्ये आणि तिथून थेट जमिनीवर. त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. तो पाइप मुद्दाम खाली, सायलेन्सरपासून लांब नेलेला असतो म्हणजे पेट्रोल गरम भागावर पडू नये.

नीडल खराब असेल तर ओव्हरफ्लोमधून पेट्रोल खाली पडताना दिसायला पाहिजे होतं. पुठ्ठ्यावर त्या जागी काहीच नव्हतं. म्हणून पाइप हाताने चाचपत खाली गेलो आणि टोकाला कडक लागलं. पाइपच्या तोंडात एक बारीक स्क्रू पिळून घट्ट बसवला होता, वरून तांब्याची तार गुंडाळलेली, तारेचे पीळ पक्कडीने आवळलेले, त्यावर धूळ आणि तेलाचा थर बसून सगळं एकजीव झालेलं. बघताना कोणाला पाइपचं टोकच वाटावं. नुसत्या नजरेने ते मलाही दिसलं नसतं, हाताला लागलं म्हणून कळलं.

कधी केलं, कोणी केलं, कळायला मार्ग नाही, पण का केलं ते उघड आहे. कधीतरी त्या पाइपातून पेट्रोल टपकायला लागलं आणि टपकणं थांबवायचं म्हणून पाइपच बंद केला. टपकणं थांबलं. गाडी चालतेय, खाली पेट्रोल नाही, सगळे खूश. पण नीडलमधून येणारं पेट्रोल थांबलं नव्हतंच, त्याला फक्त बाहेरचा रस्ता राहिला नाही, मग बाऊल काठोकाठ भरल्यावर ते जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांतून) वर चढून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या वाटेत, तिथून व्हॉल्व्ह उघडा असेल तर सिलिंडरमध्ये, आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरायला लागलं. दर दहा सेकंदाला एक थेंब जरी धरला तरी आठ तासांच्या रात्रीत २,८८० थेंब होतात, आणि अशा छोट्या इंजिनात एकूण ऑइलच साधारण एक लिटर असतं. भाऊ गाडी रोज थोडंसंच अंतर चालवायचा, त्यामुळे ऑइल पुरेसं तापून पेट्रोल उडून जायलाही संधी मिळत नव्हती, साठतच गेलं. लांबचा प्रवास झाला असता तर उलटा घोळ, पेट्रोल वाफ होऊन गेलं असतं, लेव्हल खाली आली असती आणि सगळ्यांनी म्हटलं असतं की गाडी ऑइल पितेय, रिंगा गेल्या.

माझं ठाम मत याच्यामुळेच झालंय की बाहेर दिसणारी गळती बुजवणं ही सगळ्यात घातक दुरुस्ती आहे. पाइपातून पेट्रोल पडत होतं तेव्हा गाडी खरं सांगत होती. तिचं तोंड बंद केल्यावर तोच दोष क्लच कव्हर, गिअर शाफ्ट, फिल्टरचा डबा असा फिरत राहिला, आणि शेवटी बिल कोणाच्या नावावर निघणार होतं तर गॅस्केटच्या.

कार्ब्युरेटर आणि कॉक

आधी कॉक तपासला. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडला, कॉक बंद केला, रात्रभर ठेवला. सकाळी बाटलीत पेट्रोल जमलेलं, म्हणजे बंद करूनही तो बंद होत नव्हता. आतला भोकांचा रबरी वायसर कडक होऊन एका बाजूने चिरला होता. जुन्या गाड्यांच्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल बऱ्याचदा मानवत नाही, फुगतं किंवा कडक पडून चिरतं, म्हणून बदलताना इथेनॉल चालेल असा पार्ट मागून घ्या.

मग बाऊल उघडला. तळाला गंजाची बारीक लाल भुकटी, टाकीतून आलेली. नीडलच्या काळ्या टोकावर नखाने जाणवेल अशी चकचकीत गोल खाच पडली होती, सीटवर वर्षानुवर्षं त्याच जागी दाबून बसल्याची. अशी खाच दिसली की नीडल संपली, घासून-पुसून परत बसवायची नाही. फ्लोट कानाजवळ हलवून बघितला, आत पेट्रोल गेलं असेल तर खळखळ ऐकू येते, इथे नव्हती. पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवून बघता येतं, भोक असेल तर बुडबुडे येतात.

नवी नीडल टाकली, सीट कापसाच्या काडीने साफ केली, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावली. पारदर्शक नळी बाऊलच्या ड्रेनला लावून बाऊलच्या बाजूला उभी धरली की आत पेट्रोल कुठवर आहे ते नळीत दिसतं, तसं पडताळून घेतलं. टाकी धुऊन गंज काढला, मधे नवीन फिल्टर लावला. आणि ओव्हरफ्लोचा पाइप नवा टाकून तोंड उघडं ठेवलं, खाली नेला, जिथे होता तिथेच.

ऑइल काढलं तेव्हा भांड्यात इतकं पातळ आणि इतकं जास्त आलं की भाऊ बघतच राहिला. नवं ऑइल, नवा फिल्टर टाकून गाडी थोडी चालवली आणि तेही लवकरच परत बदललं, कारण कोपऱ्यांत राहिलेलं पेट्रोल पहिल्या बदलात पूर्ण निघत नाही. काढलेलं ऑइल बंद डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे दिलं, गटारात किंवा मातीत अजिबात ओतू नका, ते जातं कुठेच नाही.

धुऊन, वाळवून, मग बघायचं

आता इंजिन साफ करायची वेळ आली. लोक गळती शोधतात ती मळक्या इंजिनवर, आणि तिथेच फसतात. चालत्या गाडीत ऑइल हवेने मागे आणि वजनाने खाली जातं, त्यामुळे थेंब जिथे लोंबतोय ती जागा जवळपास कधीच गळतीची नसते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा, तिथून वर कोरडं असेल तर तीच जागा.

थंड इंजिन ब्रश आणि डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) हाताने घासलं. प्रेशरचं पाणी मारलं नाही, ते चाकाच्या बेअरिंगमध्ये, वायरिंगमध्ये आणि सीलच्या ओठातून आतपर्यंत शिरतं. पूर्ण वाळू दिलं, मग कव्हरचे जोड, टॅपेट कव्हर (इंजिनच्या वरचं झाकण), सिलिंडर ब्लॉकचा खालचा जोड, किक शाफ्ट, गिअर शाफ्ट, सगळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली. इंजिन चालू करून गरम केलं, छोटी चक्कर मारली आणि टॉर्च घेऊन बसलो.

पावडरवर ओघळ फार स्पष्ट उमटतो. टॅपेट कव्हर पूर्ण कोरडं. क्लच कव्हर, ज्याच्यावर एवढं सिलिकॉन थापलं होतं, तेही कोरडं! गिअर शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे शाफ्टभोवती पावडर ओली होऊन राखाडी कडं झालं आणि त्यातून एक बारीक ओघळ खाली. आणि ब्लॉकच्या बुडाच्या जोडाला, मागच्या बाजूला, नुसता ओलसरपणा, ओघळ नाही.

गिअर शाफ्टचा सील ही खूप सोपी गोष्ट आहे, बऱ्याच गाड्यांत बाहेरूनच निघतो, इंजिन खोलायला लागत नाही. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, तेवढं वाचून तोच आणायचा. जुना सील उपसताना केसच्या भिंतीला ओरखडा येता कामा नये. शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळायची म्हणजे नव्या सीलचा ओठ फाटत नाही, ओठाला ऑइल किंवा ग्रीस लावायचं, स्प्रिंगवाली बाजू आत, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाइतक्या गोटी पान्याने सगळीकडून सारखं दाबत बसवायचं. हातोडीने एका कडेला ठोकलं की तिरका बसतो आणि नवाच गळतो. जुना सील हातात घेतला तेव्हा ओठ प्लास्टिकसारखा कडक झालेला होता, गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की हे होतंच, त्यामुळे त्याचा दोष होता पण तो एकटा एवढं गळवत नव्हता.

क्लच कव्हर कोरडं असलं तरी मी ते उघडलं, त्या सिलिकॉनसाठी. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबलं गेलेलं असतं, आणि आतल्या लोंबणाऱ्या चिंध्या सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, जाळी बुजली की वरपर्यंत ऑइल पोचत नाही. खरंच जाळीवर राखाडी तुकडे होते, थोडेच, पण होते. कागदी गॅस्केट असलेल्या जोडाला सिलिकॉनची गरज नसते. जुनं गॅस्केट काढायला पेचकस लावू नका, ॲल्युमिनियमवर चरा पडला की तोच उद्याचा गळतीचा रस्ता, प्लास्टिकची पट्टी वापरा आणि धीर धरा. सहा एमएमचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटरलाच थांबवायचे, समोरासमोर क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत. "अजून थोडं आवळ म्हणजे गळणार नाही" यानेच आटे जातात.

ब्रीदर

याच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण जुन्या गाडीच्या गळतीत हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन खाली आला की इंजिनच्या खालच्या केसमधली हवा दाबली जाते, १५० सीसीची गाडी असेल तर प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच हवा, आणि ४००० आरपीएमला हे सेकंदाला सुमारे ६७ वेळा घडतं. त्या दाबाला बाहेर पडायला फक्त ब्रीदरची नळी असते. ती बुजली तर दाब सगळ्यात कमकुवत सील शोधतो. तुम्ही तो सील बदलता, मग दुसरा गळतो, मग तिसरा, आणि माणूस वैतागून म्हणतो की इंजिनच भंगार आहे.

या गाडीत नळी पूर्ण बंद नव्हती पण आतून पांढरट साय धरली होती, कमी अंतर चालवून इंजिन नीट गरम न झाल्याने आतलं बाष्प आणि ऑइल मिळून ती होते. नळी बाहेर काढून धुतली, फुंकून बघितली, आणि परत बसवताना कुठे मुडपत नाही ना ते पाहिलं. फिल्टरचा डबा पण आतून पुसला, फिल्टर तेलाने चिंब होता, तो बदलला.

पुढचा शॉकअप आणि ब्रेक

पुठ्ठ्यावरचा तिसरा थेंब सगळ्यात छोटा होता, पण मी त्याला सगळ्यात आधी घाबरलो होतो, कारण उजव्या बाजूलाच डिस्क आहे. तो ब्रेकचा निघाला असता तर बाकी सगळं सोडून आधी तेच. पाण्यात टाकल्यावर तरंगला, म्हणजे शॉकअपचं ऑइल. शॉकअपच्या पाइपवर सीलच्या वर गोल तेलकट रेघ होती आणि खाली कॅलिपरच्या (डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागाच्या) दिशेने ओघळ.

शॉकअपच्या सीलमध्ये कधीकधी फक्त माती अडकलेली असते, डस्ट कव्हर वर करून पातळ फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखालून हळू फिरवली की माती निघते आणि गळती थांबते. इथे तसं झालं नाही. पाइपवरून नख फिरवलं तर गंजाचे दोन बारीक खड्डे लागले, अशा खड्ड्यांवरून नवा सील गेला की काही दिवसांत त्याचाही ओठ कापला जातो. खड्ड्यांच्या कडा अगदी बारीक पॉलिश पेपरने मऊ केल्या, दोन्ही बाजूंचे सील बदलले, दोन्हीकडे मॅन्युअलमध्ये दिलेलं तेवढंच ऑइल मोजून भरलं. एकाच बाजूचं काम करू नका. पाइप बदलणं हा खरा इलाज आहे आणि ते भावाला स्पष्ट सांगितलंय.

ब्रेक पॅडला ऑइलचा हात लागलाच होता, पॅड बदलले. तेल प्यायलेले पॅड पेट्रोलने धुऊन, भाजून परत लावणारे लोक आहेत, माझा त्याला पूर्ण विरोध आहे, ब्रेकच्या बाबतीत असली काटकसर नको. त्याच हाताने ब्रेक ऑइल बदललं कारण रिझर्व्हॉयरमध्ये ते चहाच्या रंगाचं झालं होतं. हे द्रव हवेतलं पाणी शोषतात, कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यानंतरच्या पातळीला किमान १५५, म्हणून गळती नसली तरी साधारण दोन वर्षांनी बदलावं. होजच्या बोल्टचे वायसर प्रत्येक वेळी नवे. आणि एवढं मनापासून सांगतो, लिव्हरपाशी, होजला किंवा कॅलिपरला ओलं दिसलं तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतसुद्धा नेऊ नका, टेम्पोत घाला.

आत्ताची स्थिती

गाडी आता रोज चालते. खाली परत पुठ्ठा टाकला, पुढे कोरडा, फिल्टरच्या डब्याखाली कोरडा, गिअर लिव्हरखाली कोरडा. डिपस्टिकची लेव्हल जागेवर आहे, पेट्रोलचा वास नाही. इंजिन उतरवलं नाही, रिंगांना हात लावला नाही, कंप्रेशन मोजलं तर मॅन्युअलच्या मर्यादेत आलं.

ब्लॉकच्या बुडाचा ओलसरपणा मात्र मी तसाच ठेवलाय आणि तो ठरवून ठेवलाय. तिथे थेंब बनत नाही, पावडर फक्त दमट होते, लेव्हलमध्ये फरक पडत नाही, तेल टायरवर किंवा सायलेन्सरवर जात नाही. तेवढ्यासाठी हेड आणि ब्लॉक उचलायचा म्हणजे चांगल्या बसलेल्या रिंगा हलवायच्या, जुने स्टड पिळायचे, एखादा तुटला तर नवीन दुखणं. भावाला विचारलं तर म्हणाला, "दादा, मग आता काय करायचं त्याचं?" त्याला सांगितलं की दर आठवड्याला फडक्याने तो जोड पूस आणि लेव्हल बघ, पेट्रोलचा वास पण घे, गाडी लावली की कॉक बंद कर, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून एक थेंब जरी पडताना दिसला तरी फोन कर. हेडचं काम पुढेमागे निघेल तेव्हा ते गॅस्केट त्याच्यासोबत बदलू.